धागा: मॅनेजर गेला त्या दिवशी तुम्ही कोणाचं नाव लावून धरलं होतंत?

पहाटेचा_गजर (सोमवार, २० ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:१०)

अभ्यंगस्नान झालं, कारीट फोडून झालं, फराळाची ताटं भरायला अजून अर्धा तास आहे म्हणून लिहायला बसले.

काल रात्री मँचेस्टर युनायटेडने आम्हाला, म्हणजे लिव्हरपूलला, अ‍ॅनफिल्डवर हरवलं. दुसऱ्याच मिनिटाला एंब्यूमोचा गोल, मग कितीतरी वेळाने गाक्पोची बरोबरी, आणि ८४ व्या मिनिटाला मॅग्वायरचं हेडर. पॅलेस, गॅलाटासराय, चेल्सी आणि आता हे. सलग चौथी हार. शिट्टी वाजून पाच मिनिटं झाली नाहीत तर आमच्या ग्रुपवर सुरू: मॅनेजर स्लॉटला काढा, पुढचा कोण, इराओला की ग्लासनर, आधीच्या क्लॉपच्या पाया पडा. याच स्लॉटने २७ एप्रिलला टॉटनहॅमला ५-१ हरवून लीग जिंकून दिली होती. सहा महिनेसुद्धा झाले नाहीत.

मी काही लिहिलं नाही. कारण शनिवारी माळा आवरताना बाबांच्या जुन्या डायरीत एक चिठ्ठी सापडली आणि तेव्हापासून ती माझ्या उशाशी आहे.

२६ जानेवारी २०२४. सोसायटीचं झेंडावंदन झालेलं, जिलबी खाऊन सगळे आमच्याकडे लोळत पडलेले, आणि दुपारी क्लॉपचा तो व्हिडिओ आला. सीझन संपला की जातोय, माझ्यातली ताकद संपत आलीय, म्हणाला. धाकटा भाऊ रडला. तेवीस वर्षांचा घोडा, जिलबीचा हात तसाच ठेवून रडला. पंधरा मिनिटांनी डोळे पुसले आणि लगेच वाद सुरू, आता कोण? मी अलोन्सो. भाऊ अलोन्सो. मामेभाऊ आमोरिम. खालच्या मजल्यावरचा दादा डी झेर्बी. इतके मोठ्याने भांडलो की बाबा आतून उठून आले आणि म्हणाले, थांबा, लिहून ठेवतो, नंतर कोणी फिरायला नको.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण आमच्यासोबत रात्री जागायचे. ते म्हणाले, "आमच्या डेपोत साहेब बदलायचा तेव्हा टपरीवर ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जायचं, तो कधीच यायचा नाही." आणि स्वतःच्या नावापुढे लिहिलं: "नवीन. नाव माहीत नाही." पैज एका मिसळीची.

२९ मार्चला अलोन्सोने सांगितलं की तो लेव्हरकूझनलाच राहणार. एप्रिलअखेर रॉटरडॅमच्या फेयनूर्डचा स्लॉट ठरला. आमच्यापैकी कोणीही त्याची एक मॅच पाहिलेली नव्हती. बाबांनी चौघांकडून चार मिसळी वसूल केल्या, चार वेगवेगळ्या रविवारी. ऑगस्टमध्ये इप्सविचविरुद्धची स्लॉटची पहिली लीग मॅच पाहिली आणि त्याच महिन्यात ते गेले. लीग जिंकलेली त्यांना पाहता आली नाही.

काल ग्रुपवर "पुढचा कोण" वाचलं आणि ते अक्षर डोळ्यांसमोर आलं. तुम्हीही लिहा ना. तुमचा मॅनेजर गेला तो दिवस, तुम्ही कोणासाठी भांडलात, जो आला त्याला आपला कधी म्हणालात. क्लब कुठलाही चालेल. तालमीचा संघही चालेल.

लाल_सैतान_नाशिक (८:३२)

ताई, कालच्याबद्दल आज बोलणार नाही, सणाचा दिवस आहे. बाबांबद्दल वाचून गलबलून आलं.

८ मे २०१३. हॉस्टेल, दुसऱ्या दिवशी इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचा पेपर. आमचा युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसन, आमचा फर्गी, रिटायर. आमच्या अख्ख्या मजल्यावर कोणी पुस्तक उघडलं नाही. मी मॉरिन्योसाठी भांडत होतो. माझा रूममेट म्हणत होता डॉर्टमुंडचा तो चष्मेवाला आणा, तेव्हा ते चॅम्पियन्स लीगच्या फायनलला पोचले होते. हो, क्लॉपच. मी त्याला वेड्यात काढलं. दुसऱ्याच दिवशी मॉयस. सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, दहा महिन्यांत बाहेर, टीम सातवी.

मला आजही लागतं ते वेगळंच. फर्गीने ओल्ड ट्रॅफर्डवर माइक हातात घेऊन सांगितलं होतं की नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहणं हे आता तुमचं काम. मी ते हॉस्टेलच्या टीव्हीवर ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि ऑक्टोबरपासून मॉयसवर विनोद पाठवायला लागलो. २०२३ ला त्याने वेस्ट हॅमसाठी कॉन्फरन्स लीग जिंकली तेव्हा रात्री एकटाच उठून टाळ्या वाजवल्या. दहा वर्षं उशिरा, पण मनापासून.

निळा_डबा (८:४०)

आमच्याकडे चेल्सीत 'पुढचा कोण' हा वाद बाराही महिने असतो.

तरी डी मॅटेओ विसरत नाही. १९ मे २०१२ म्युनिकला चॅम्पियन्स लीग जिंकली, २१ नोव्हेंबरला काढला. सहा महिने. ताई, तुमचा स्लॉट आणि आमचा तो, हिशेब सारखाच आहे बघा. शांत राहा, घाई करू नका.

आक्रमक_फुलबॅक (८:५५)

भावना समजतात, पण नव्या खेळाडूंवर ४० कोटी पौंडांहून जास्त खर्च झालाय या उन्हाळ्यात. इसाक एकटा साडेबारा कोटींचा. एवढं करून मधल्या फळीत एवढं भगदाड? उजव्या बाजूला ट्रेंट गेल्यापासून रोज नवा माणूस. प्रश्न विचारायचेच नाहीत का? मी इराओलाच्या बाजूने आहे आणि राहणार. बोर्नमथ पळते कशी बघा.

पहाटेचा_गजर (९:०२)

विचारा की. पण या पोरांनी ३ जुलैला सोबतचा खेळाडू जोटा गमावलाय हे विसरू नका. ज्याच्या शेजारी कपडे बदलायचे तो माणूस नाही आणि त्याचा २० नंबर कायमचा बंद. सराव सुरू झाला तेव्हा त्यांच्याशी काय बोलायचं हे कोणत्या कोचिंग लायसन्समध्ये शिकवतात? मला स्लॉटचं तिथलं वागणं फार मोठं वाटलं. तेवढ्यासाठी तरी त्याला हा सीझन मिळावा.

आक्रमक_फुलबॅक (९:०५)

हे मान्य. यावर वाद नाही.

बँकवाली_ताई (९:१५)

शीर्षक वाचून ब्रँच मॅनेजर वाटला म्हणून उघडलं, आणि आता सगळं वाचून बसलेय. लिहू का? आमच्या शाखेचे साहेब बदलले तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून एका बाईंसाठी देव पाण्यात ठेवले होते. आले दुसरेच. पहिले सहा महिने त्यांना कोणी डबा विचारला नाही. मग एकदा माझ्या कॅशमध्ये फरक आला आणि ते रात्री साडेनऊपर्यंत माझ्यासोबत बसून व्हाउचर तपासत राहिले. पहिला डबा मीच उघडला त्यांच्यासमोर.

तुमच्या बाबांचं टपरीचं वाक्य अगदी खरं आहे हो.

ठाण्याची_गनर (९:४८)

एका हाताने चकल्या तळतेय, चुका सांभाळून घ्या.

आर्सेनलचा वेंगर. २० एप्रिल २०१८. बावीस वर्षं एक माणूस. माझं लग्न, दोन बाळंतपणं, सासऱ्यांचं आजारपण, सगळं त्या एका मॅनेजरच्या काळात झालं. शेवटची दोन-तीन वर्षं नवरा 'वेंगर आउट'वाला आणि मी 'वेंगर इन'वाली. जेवणाच्या टेबलावर अबोला असायचा, गंमत नाही सांगत. तो गेला तेव्हा नवऱ्याला आनंद होईल वाटलं होतं. गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा होता.

तेव्हा आमच्याकडे आर्टेटाचं नाव आलं होतं, जवळजवळ ठरलंच असं वाटत होतं आणि एका रात्रीत एमेरी झाला. मी तेव्हा आर्टेटाच्या विरोधात होते, म्हटलं हा कालपर्यंत खेळत होता, याला काय कळतं. डिसेंबर २०१९ ला तोच आला आणि लगेच २०२० ला रिकाम्या वेम्बलीत एफए कप. आता घरात कोणी त्याच्याविरुद्ध बोललेलं मला चालत नाही.

चकल्या मऊ पडतायत. कोणाला माहितीये का कशाने?

जुना_रेडिओ (१०:२०)

गनर ताई, आच मोठी असेल. बाहेरून लाल होतात आणि आत कच्च्या राहतात. मंद ठेवा, तेलातले बुडबुडे शांत झाल्याशिवाय काढू नका. आमच्या हिची पद्धत.

आता माझं. मी मर्चंट नेव्हीत होतो. जुलै १९७४ मध्ये आमचं जहाज लिव्हरपूलच्या गोदीत लागलेलं. वय एकवीस. फुटबॉलशी माझा संबंध गिरणगावातल्या मैदानापुरता. त्या दिवशी गोदीतले कामगार अचानक काम टाकून घोळक्याने उभे राहिले. मला वाटलं संप. एकाला विचारलं तर म्हणाला शॅंकली गेला. मी टोपी काढली, वारले असं समजून. तो म्हणाला मेला नाही रे, लिव्हरपूलच्या मॅनेजरची नोकरी सोडली त्याने. आणि तो साठीचा माणूस माझ्यासमोर रडायला लागला.

संध्याकाळी पबमध्ये हाच तुमचा विषय. पुढचा कोण? मोठमोठी नावं घेत होते. पेस्लीचं नाव एकानेही घेतल्याचं मला आठवत नाही. तो तर तिथलाच, खेळाडूंचे पाय चोळणारा, बूट ठेवायच्या खोलीत बसून शॅंकलीबरोबर खलबतं करणारा. त्याला स्वतःलाही ते पद नको होतं. त्याच माणसाने नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले, ७७, ७८ आणि ८१. मी जगात कुठेही असलो तरी बीबीसीच्या शॉर्टवेव्हवर निकाल ऐकायचो.

तुझ्या वडिलांनी जे लिहिलं ना बाळ, ते त्या पबमध्ये पन्नास वर्षांपूर्वी कोणी लिहिलं असतं तर सगळ्यांच्या खिशातले पैसे घेऊन गेला असता.

पहाटेचा_गजर (१०:२६)

काका, नमस्कार करते. दिवाळीचं याहून मोठं काही मिळालं नसतं मला.

ठाण्याची_गनर (१०:५१)

आच कमी केली, जमल्या! काकूंना धन्यवाद सांगा.

फातोर्ड्यार (दुपारी १२:१५)

आम्ही गोंयकार. पोहे खाऊन बसलो, आज आमच्याकडे पोह्यांचाच दिवस, पाच प्रकारचे. आता माझी जखम उघडतो.

३१ जानेवारी २०२०. एफसी गोवा टेबलात अव्वल, खेळ असा की फातोर्ड्याला विरोधी टीमची माणसंसुद्धा वा म्हणायची. कोरो, जाहू, बूमूस, मंदार. आणि कोच लोबेराला सोडलं. सीझन चालू, टीम जिंकतेय आणि कोच गेला! मी मडगावात मासळी घ्यायला उभा होतो, मासळीवालीने मला सांगितलं. तिलाच पहिलं कळलं होतं. तिचा आणि माझा तिथंच वाद, पुढं कोण? ती म्हणाली, आमचोच कोणतरी. मी म्हटलं, स्पॅनिशच पाहिजे. तीच बरोबर ठरली. क्लिफर्ड मिरांडाने टीम हातात घेतली आणि १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला ५-० मारून लीगमध्ये अव्वल राहिल्याची शील्ड जिंकली, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब.

जुन्या माणसांना विचारा, आमच्याकडे घरचा कोच ही नवी गोष्ट नाही. आर्मांदो कोलासोने धेंपोला पाच वेळा देशाचं विजेतेपद दिलं. डेरिक परेराही आमचाच.

पण खरी जखम पुढची. लोबेरा गेला मुंबई सिटीला. मागोमाग जाहू, बूमूस, फॉल आणि आमचा मंदारसुद्धा. मार्च २०२१ ला सेमीफायनल त्यांच्याशीच, आमच्याच गोव्यात, प्रेक्षकांना बंदी. पहिली २-२, दुसरी ०-०, पेनल्टीवर ६-५ ने गेलो. मी घरात टीव्हीपुढं बसून लोबेराकडे बघत होतो. राग येत नव्हता. जुनं घर विकल्यावर त्याच्यासमोरून जाताना वाटतं तसं काहीतरी वाटत होतं.

अंधेरी_लोकल (१२:४०)

दादा, मी त्या दुसऱ्या बाजूचा. तुमचं दुःख कळतं पण त्या वर्षाचा आनंद खोटा कसा म्हणू? फायनलला ९० व्या मिनिटाला बिपिनचा गोल, आमच्या चाळीत रात्री दहाला थाळ्या वाजल्या.

आणि आम्हालाही भोगावं लागलं. नोव्हेंबर २०२३ ला आमचा कोच बकिंगहॅम सीझन अर्धा टाकून ऑक्सफर्डला गेला. स्टँडमध्ये आमच्यात दोन तट. अर्धे म्हणत होते दगा दिला. मी म्हणत होतो, त्याच्या जन्मगावाचा क्लब आहे, आईवडिलांच्या गावातून बोलावणं आलं तर तुम्ही काय कराल? माझं म्हणणं कोणी ऐकलं नाही. मग क्रात्की आला. नाव उच्चारायलाच महिना गेला. शील्ड हुकली मोहन बागानकडून, आणि तीन आठवड्यांनी ४ मेला त्यांच्याच सॉल्ट लेकवर ३-१ ने फायनल जिंकून दिली.

बुधवारी फातोर्ड्याला जाताय ना? रोनाल्डोची अल नास्र!

फातोर्ड्यार (१२:४४)

जातो तर! तिकीट कधीचं काढलंय. रोनाल्डो येत नाही म्हणतात. घरातली पोरं हिरमुसली आहेत.

अंधेरी_लोकल (१२:४७)

आमचं नेमारचं झालं तेच. नोव्हेंबर २०२३, डी. वाय. पाटील, अल हिलाल. मी भाच्याला घेऊन गेलो, त्याच्या पाठीवर नेमारचं नाव, आणि नेमार गुडघा घेऊन घरी. ०-२ हरलो. पण भाचा आता बिपिनचं नाव लावून फिरतो. पोरांना घेऊन जाच दादा.

कूपरेज_गेट (१:३०)

देशाच्या टीमचा कोच चालेल का? कारण ऑगस्टमध्ये आमच्या घरात त्यावरून जी भांडणं झाली ती कुठल्याही क्लबपेक्षा मोठी. शेवटच्या यादीत कॉन्स्टंटाइन, तार्कोविच आणि आपला खालिद जमील. मी खालिदचा. कारण मी कूपरेजवर मुंबई एफसीच्या मॅचला ठरलेल्या जागी बसायचो आणि हा माणूस बाजूच्या रेषेवर उभा असायचा. दरवर्षी पेपरात यायचं की ही टीम यंदा खाली जाणार, आणि दरवर्षी तो तिला वर ठेवायचा. नंतर आयझॉलला घेऊन आय-लीग जिंकली, २०१७. मिझोरामची टीम, कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

त्याची निवड झाली त्या दिवशी मी पेढे वाटले. सप्टेंबरला ताजिकिस्तानला ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आलो तेव्हा वाटलं, बघा. आणि गेल्या मंगळवारी फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२. आशियाई कपचा रस्ता बंद. लगेच ऑफिसमध्ये सुरू, पुढचा कोण. अडीच महिने झालेत त्याला येऊन! अडीच महिन्यांत आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त झालेली नाही.

संत्रानगरी (२:०५)

बरोब्बर बोलले भाऊ. परवाच इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने मॅनेजर पोस्टेकोग्लूला ३९ दिवसांत काढला. ३९ दिवस! आमच्या इकडे नवीन जावयाला इतक्यात चहा किती गोड लागतो हेसुद्धा माहीत होत नाही. मी कोणत्याच टीमचा नाही, पण त्या माणसाचा चेहरा पाहून जेवण गेलं नाही बाप्पा.

पेठेतला_हाफ (३:१०)

तालमीचा संघ चालंल म्हणालात म्हणून लिवतो. कोल्हापूर.

आमच्या शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठ रिकामी. तुमचं अ‍ॅनफिल्ड काय आसंल ते आसंल, पर आमच्याकडं गोलकीपरची आजीसुद्धा आफसाइड सांगती. आमच्या तालमीचा कोच, नाव घेत न्हाई, उद्यमनगरात टर्नर हुता. पहाटं पोरांस्नी पळवायचा, मग कामावर, संध्याकाळी परत मैदान. सतरा वर्सं. एक पैसा घेतला न्हाई. गुडघं गेलं तवा म्हणला, आता बास.

त्या रात्री तालमीत बैठक. म्हातारी म्हणत्यात पेठंतलाच पायजे. पोरं म्हणत्यात लायसन्सवाला भायरनं आणा, आता आफ्रिकेची पोरं खेळाय येत्यात, त्यांच्याशी बोलणारा पायजे. मी पोरांच्या बाजूनं. माझा सख्खा चुलता समोर. रात्री दीड वाजस्तवर. चुलत्यानं शेवटी इचारलं, भायरच्याला ह्या मातीचं काय?

आला भायरचाच. सांगलीकडचा. पयल्या दिवशी मैदानावर गेलाच न्हाई. आधी तालमीत आला, चपला भायर काढल्या, हौद्यातली माती कपाळाला लावली, मग जुन्या कोचच्या घरी जाऊन पाया पडला आणि म्हणला आठवड्यातनं एकदा बाकावर येऊन बसा. चुलता त्या दिवसापास्नं त्येच्या बाजूनं. पयल्या वर्सी काय जिंकलं न्हाई. कोन काय बोललं न्हाई.

लाल_सैतान_नाशिक (३:२२)

भावा, हे सगळ्यात भारी.

यॉर्कशायरची_काकू (संध्याकाळी ५:४०)

इकडे दुपार आहे, रजा मिळाली नाही, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. घरी गेल्यावर पणत्या लावीन.

लीड्सला येऊन मला दहा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं शेजारच्यांशी 'पाऊस आहे' यापलीकडे बोलणं नव्हतं. मग २०१८ ला लीड्सच्या टीमला मॅनेजर म्हणून बिएल्सा आला आणि सगळ्या गल्लीलाच वाचा फुटली. शेजारचे आजोबा मला कुंपणावरून समजावून सांगायचे, टीम कशी पळते, तो पालथ्या बादलीवर बसून कसा बघतो. त्याने खेळाडूंना तीन तास कचरा उचलायला लावला होता म्हणे, एका तिकिटासाठी साध्या माणसाला किती वेळ राबावं लागतं हे कळावं म्हणून. मला हे ऐकून आपल्याकडच्या गाडगेबाबांची आठवण झाली. तो राहायचाही वेदरबीत साध्या फ्लॅटमध्ये आणि सरावाला चालत जायचा. २०२० ला सोळा वर्षांनी वरच्या लीगमध्ये गेलो. लॉकडाउन होता तरी आजोबा कुंपणाशी आले, मी रव्याचे लाडू दिले, दोघंही रडलो.

२७ फेब्रुवारी २०२२. आदल्या दिवशी टॉटनहॅमकडून ०-४. रविवारी बातमी, बिएल्साला काढलं. आजोबांनी त्या दिवशी पडदे उघडले नाहीत. मी कोणाचंच नाव लावून धरलं नव्हतं, मला नावंच माहीत नव्हती. मी आजोबांना विचारलं, आता कोण? ते म्हणाले, कोणीही येऊ दे, मी जाणार आहे शनिवारी. आणि गेले. आठव्या दशकात आहेत, अजून जातात. भिंतींवर बिएल्साची चित्रं आहेत शहरात, मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. आई म्हणाली, हा कोण साधुपुरुष?

फ्रायबुर्गहून (५:५८)

काकू, आमच्याकडे उलटं. मी इथे मास्टर्सला. श्ट्राइख बारा वर्षं कोच होता, सायकलवरून स्टेडियमला येणारा. मार्च २०२४ मध्ये थांबतो म्हणाला. मी घाईघाईने माझ्या जर्मन रूममेटला विचारलं, पुढचा कोण, कोणाची नावं आहेत? त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, शूस्टर असेल. जुना कॅप्टन. आणि तोच झाला. भांडणाची तयारी करून बसलो होतो, कोणी भांडलंच नाही.

आक्रमक_फुलबॅक (रात्री ९:१५)

सकाळपासून धागा वाचतोय. तरी इराओला.

पहाटेचा_गजर (९:२०)

लिहून ठेवू का? मिसळीवर?

आक्रमक_फुलबॅक (९:२१)

लिहा. पण या सीझनसाठी नाही. स्लॉटला मे महिन्यापर्यंत वेळ, तुमच्या जोटाच्या वाक्यासाठी.

फातोर्ड्यार (बुधवार, रात्री १०:५०)

फातोर्ड्याहून परत. १-२ हरलो, पण ब्रायसनने गोल मारला! आमच्या गावच्या पोराने अल नास्रला गोल मारला आणि अख्खं स्टेडियम हललं. धाकटी खांद्यावर होती, तिने रोनाल्डोचं नावही काढलं नाही. कोच मानोलोच आमचा, पुढचा कोणी नको.

अंधेरी_लोकल (१०:५६)

टीव्हीवर पाहिला. ओरडलो. आज तुमच्यासाठी.

पहाटेचा_गजर (गुरुवार, सकाळी ७:३०)

फ्रँकफर्टला ५-१ हरवलं. रात्री अडीचपर्यंत जागले. एकितिकेने जुन्या क्लबला गोल मारला आणि फार आनंदही दाखवला नाही, ते आवडलं. ग्रुपवर 'स्लॉटला काढा'वाले सगळे हार्ट पाठवतायत. शनिवारी हरलो तर परत सुरू करतील, माहीत आहे.

बाबांची खुर्ची टीव्हीसमोरून हलवली नव्हती. काल पाचवा गोल झाला तेव्हा मी त्या खुर्चीत होते.

लाल_सैतान_नाशिक (७:४१)

ताई, त्या चिठ्ठीचा फोटो टाका ना इथे.

बँकवाली_ताई (७:५०)

हो, टाकाच. आणि मला कोणीतरी सांगा, सुरुवात करायची तर कुठल्या टीमपासून करू? भाऊबीजेला भावाला विचारणार होते पण तो क्रिकेटवाला.

ठाण्याची_गनर (७:५२)

आर्सेनल!!

यॉर्कशायरची_काकू (७:५३)

लीड्स. लाडू मी पाठवते.

पहाटेचा_गजर (८:०५)

फोटो टाकते. भाऊ आलाय, पाट मांडलाय, आधी ओवाळून घेते. चिठ्ठीची प्रत त्यालाही हवीय.